तीनदा नापास झालेली बाई

वहिनी निवडणुकीला उभी राहणार, हे आत्याला कळलं ते इस्त्रीवाल्या काकांकडून, आणि तेही भिंतीपलीकडून.

राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्याला एकसष्ट खोल्या. पुढच्या चाळीस पाहुण्यांना दाखवायच्या, मधल्या राहायच्या, आणि अगदी मागच्या दोन-चार कुणाच्या खिजगणतीतच नसलेल्या. त्यांतल्या एकीत इस्त्रीवाले काका पडद्यांवर वाफ सोडत असायचे, आणि शेजारच्या पत्रांच्या खोलीत आत्या. मधली भिंत प्लायवूडची. काका शिंकले की आत्या इकडून "सावकाश" म्हणायची.

आत्या म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सख्खी धाकटी बहीण. खरं तर ती फक्त दादाच्या दोन मुलांची आत्या, पण मुलं शिकायला लांब गेली आणि नाव तेवढं मागे राहिलं. आता फाटकावरचे बंदूकवालेही तिला आत्याच म्हणत.

"ऐकलंत का," काका म्हणाले, "बाईसाहेब उभ्या राहतायत संसदेला. साहेबांच्याच जुन्या जागेवरून. आत्ताच रेडिओवर सांगितलं."

आत्याच्या जिभेवर तेव्हा टपालाचं तिकीट होतं.

"कुठल्या बाईसाहेब?" तिने तिकिटासकट विचारलं.

"आपल्याकडे कितीशा आहेत?"

आत्याने तिकीट लावलं, ते नेमकं पत्त्यावरच. मग ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली, आणि बसली. पोटात काहीतरी ढवळायला लागलं होतं. भूक नव्हती, पित्तही नव्हतं. ते काय होतं हे तिला बरोबर माहीत होतं, कारण त्याच्याशी तिची गेल्या दहा वर्षांची ओळख होती. फक्त आजवर ते वाटीभर असायचं, आज पातेलंभर होतं.

कारण ती जागा आत्याची होती. म्हणजे तशी कुणाचीच नव्हती, पण दादा पहिल्यांदा तिथून निवडून आला तेव्हा सायकलवर खळीची बादली अडकवून भिंतींवर पोस्टरं चिकटवली होती कुणी? आत्याने. तिथली प्रत्येक गल्ली, प्रत्येक जिना, प्रत्येक चावरं कुत्रं तिला ठाऊक होतं. दादाची ही शेवटची कारकीर्द, यापुढे कायद्याने त्याला उभं राहता येणार नाही, हे कळल्यापासून दोन वर्षं ती वाट बघत होती की तो एक दिवस सहज म्हणेल, बरं का गं, तूच का नाही उभी राहत? मतं मागत फिरायला म्हणून तिने बिनटाचेचे बूटसुद्धा घेऊन ठेवले होते. दोन जोड.

ती तडक दादाच्या खोलीत गेली. दादा सह्या करत होता. शेजारी चष्मेवाले सेक्रेटरी एकेक कागद पुढे सरकवत होते, पाळण्याला झोका द्यावा तितक्या लयीत.

"मला विचारायचं तरी," आत्या म्हणाली.

"काय विचारायचं? पक्षाने ठरवलं."

"पक्ष म्हणजे तूच ना."

दादाने पेन खाली ठेवलं. "अगं, वेडी आहेस का? तुझ्या वहिनीला लोक ओळखतात. घरोघरी तिची पत्रं आहेत. माणसांनी काचेच्या चौकटीत लावलीयत ती पत्रं. लोकांना ती आपल्या घरातली वाटते. तुला कोण ओळखतं?"

सेक्रेटरींनी चष्मा पुसायला घेतला. त्यांना माहीत होतं. बंगल्यात ज्या पाच-सहा जणांना माहीत होतं, त्यांत दादाही होता, पण तो खरोखरच विसरला होता. आणि तो मुद्दाम म्हणाला असता तर आत्याला इतकं लागलं नसतं.

कारण ती पत्रं आत्याने लिहिली होती. सगळीच्या सगळी.

त्याचं असं झालं. दादा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच्या बायकोच्या नावाने आठवड्याला चार पोती टपाल यायला लागलं. आत्याने भिंतीला लाकडी खण ठोकून घेतले आणि त्यांवर चिठ्ठ्या लावल्या: नोकरी, आजारपण, रस्ते-पाणी, तक्रार सरकारची, तक्रार नवऱ्याची. आणि ज्यांना काहीच नको होतं, ज्यांनी उगाच, जीव जड झाला म्हणून लिहिलं होतं, त्यांच्यासाठी सगळ्यात खाली एक खण होता, "नुसतंच". पहिल्या पाच खणांना छापील उत्तर जायचं. "नुसतंच"ला आत्या हाताने लिहायची, खाली कार्बन पेपर घालून, म्हणजे एक प्रत आपल्याकडे राहते.

पहिला महिनाभर वहिनी सह्या करायला यायची. मग तिचं मनगट दुखायला लागलं. "वन्सं, तुम्हीच करा ना सही," ती म्हणाली. "तुमचं अक्षर कसं मोत्यासारखं. माझं म्हणजे कोंबडीने पाय पुसल्यासारखं." आत्याने एका दुपारी ती सही गिरवून घेतली. शेवटचा फराटा तर तिला वहिनीपेक्षाही चांगला जमायला लागला. त्यानंतर वहिनीने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

आता पत्रात लिहायचं काय? सुरुवातीला आत्या विचार करायची की वहिनी काय म्हणेल. पण वहिनी बोलायची औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखं. तेव्हा आत्याने तो नाद सोडला आणि आपल्याला जे म्हणावंसं वाटेल ते लिहायला लागली. एका विधवेने लिहिलं, रात्री एकटीला झोप येत नाही. आत्याने उत्तर दिलं, "मलाही येत नाही. मी रेडिओ अगदी हळू लावून ठेवते. शब्द कळायला नकोत, माणूस बोलतंय एवढं कळलं की पुरे." राष्ट्राध्यक्षांच्या बायकोला, जिच्या उशाशी नवरा आणि दाराशी चाळीस शिपाई, तिला एकटं कशाला वाटेल, हा प्रश्न ना त्या विधवेला पडला ना आत्याला. लिहिताना "मी" म्हणजे कोण हे आत्याच्या लक्षातच राहायचं नाही. आणि हीच सगळी गोम होती.

तर वहिनी प्रचाराला निघाली. गाडीवर तिचा भलामोठा फोटो, खाली लिहिलेलं, "गणितात सुवर्णपदक, मनाने आपल्या घरातली." पदक खरंच होतं. वहिनी विद्यापीठात पहिली आली होती, आणि दिवाणखान्याच्या कपाटात ते पदक अशा जागी ठेवलेलं होतं की कुठेही बसलं तरी डोळ्यांत चमकायचं.

संध्याकाळी वहिनी परत यायची, पाय गरम पाण्याच्या टबात सोडायची आणि सांगत सुटायची.

"काय माणसं आहेत हो, वन्सं. आज एक बाई मला मिठी मारून इतकी रडली, इतकी रडली, की माझी बाही पिळून काढावी लागली. म्हणे, तुम्ही नसता तर मी विहीर जवळ केली असती."

"काय नाव तिचं?"

"नाव कुणाला आठवतंय? पाचशे जण होते."

"सोनेरी केसांची, उजव्या पायाने लंगडते?"

"हो, बहुतेक. तुम्हाला कसं माहीत?"

आत्याला कसं माहीत. तीन वर्षांत सात पत्रं आणि एक फोटो. बाईचा पाय, बाईचा भाऊ, बाईच्या भावाची दारू. आणि मिठी कुणाला? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि तोही टबात पाय सोडून बसलेला.

"लोक बोलतात," आत्या म्हणाली आणि चहाचा कप असा ठेवला की बशीचा टवका उडाला.

एका रविवारी तिला राहवलं नाही. डोक्याला रुमाल बांधून ती भाजीबाजाराच्या चौकातल्या सभेला जाऊन मागे उभी राहिली. आणि बघते तर काय, बायका पर्समधून पत्रं काढत होत्या. प्लास्टिकमध्ये घातलेली, घडीवर चिकटपट्टी लावलेली. आत्याला लांबूनही आपलं अक्षर ओळखू येत होतं, जशी शाळेच्या गर्दीतही आपली पोरं ओळखू येतात. त्या बायका पत्रं वर धरत होत्या आणि वहिनी त्यांच्याकडे बघून हात हलवत होती. आत्याला वाटलं, आपल्याच लग्नाला आपण मागच्या रांगेत बसलोय, आणि नवरीच्या जागी शेजारीण.

ती घरी आली आणि सरळ पत्रांच्या खोलीत गेली.

"काय झालं?" भिंतीपलीकडून काका. "पावलं बरी वाजत नाहीत आज."

"काही नाही."

"मग खुर्चीला कशाला लाथ मारलीत?"

"काका, तुम्ही इस्त्री करा."

"करतोय. पण सांगतो, आत्या, जळकं कापड मला वासानेच कळतं."

आत्याने खुर्ची सरळ केली.

आणि मग, मतदानाला आठवडा राहिला असताना, ते घडलं. एका शाळकरी मुलीच्या घरच्यांनी कौतुकाने आपल्याकडचं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापायला दिलं. बाईसाहेब किती मायाळू हे लोकांना कळावं म्हणून. पत्राचं पहिलं पान जसंच्या तसं छापून आलं. त्यात लिहिलं होतं:

"गणितात नापास झालीस म्हणून रडतेस? मी एकदा नाही, तीनदा झाले. तिसऱ्यांदा यादीत नाव दिसलं नाही तेव्हा घरी न जाता बेकरीत गेले आणि अख्खा पाव उभ्याउभ्या खाल्ला. तो संपल्यावर लक्षात आलं की जग बुडालेलं नाही, फक्त पाव संपलाय. चौथ्यांदा बसले."

दुसऱ्याच दिवशी विरोधी उमेदवाराने, ते वकीलसाहेब होते, चौकाचौकात फलक लावले. डाव्या बाजूला हे पत्र. उजव्या बाजूला वहिनीचा फोटो, पदकासकट. आणि खाली एकच ओळ: "बाई, खोटं कोण बोलतंय? पदक की पत्र?"

बंगल्यात सगळ्यांची पाचावर धारण बसली. दुपारी दादाच्या खोलीत बैठक झाली. दादा, सेक्रेटरी, वहिनी, आणि दाराशी, खुर्ची कुणी न दिल्यामुळे उभी, आत्या.

"तीनदा?" वहिनी म्हणाली. "वन्सं, एकदा लिहिलं असतं तर काहीतरी सारवासारव करता आली असती. तीनदा कशाला?"

"तीनदाच झाले होते मी."

"तुम्ही झाला होतात. मी नव्हते. तुमच्या नापासाचं लोढणं माझ्या गळ्यात कशाला?"

"पदकही गळ्यात, मिठ्याही गळ्यात," आत्या म्हणाली. "म्हटलं, जागा आहे तर लोढणंही मावेल."

"आता भांडू नका," दादा म्हणाला.

सेक्रेटरी खाकरले. "माझं म्हणणं, सोपं सांगावं. पत्रं बाईसाहेबांचीच. मात्र हे एक पत्र कार्यालयातल्या कुणा कारकुनाने आगाऊपणाने लिहिलं, त्याला कामावरून काढलंय. उद्या त्या मुलीच्याच शाळेत सभा आहे. तिथेच सांगून टाकावं, विषय संपला."

"उत्तम," दादा म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तो दाराकडे वळला. "तू मात्र अळीमिळी गुपचिळी. तुझं नाव आलं तर म्हणतील, सगळीच पत्रं खोटी."

कारकून. आगाऊ. काढून टाकलेला. आत्याला वाटलं होतं की आपलं नाव कुणाला माहीत नाही यापेक्षा वाईट काही असू शकत नाही. असतं. ज्याचं अस्तित्वच नाही अशा माणसाच्या नावाने तिला नोकरीवरून काढण्यात येत होतं.

संध्याकाळी फोन वाजला. वकीलसाहेब स्वतः बोलत होते, आवाज लोण्यासारखा.

"ताई, आम्हाला अंदाज आहे बरं का, पत्रं कुणाची ते. मोठा अन्याय झाला तुमच्यावर. टीव्हीवर या, पाच मिनिटं बोला. सगळा देश तुम्हाला ओळखेल."

"सगळा?"

"सगळा."

आत्याने नाही म्हटलं नाही. विचार करते, म्हणाली. आणि तिने खरंच केला. केस धुताना केला, जेवताना केला. टीव्हीवर कुठला कोट घालायचा इथपर्यंत केला. एकच गोष्ट खटकत होती: वकीलसाहेबांच्या शेजारी बसून बोलायचं म्हणजे पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी निवडणुकीचं काम. खळीची बादली तीच, सायकल फक्त दुसऱ्याची.

मग तिने ठरवलं. शाळेतल्या सभेला जायचं, कार्बनच्या प्रतींची जाडजूड फाईल घेऊन. वहिनी "कारकून" म्हणाली रे म्हणाली, की उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत तिचं नाक खाली करायचं. वकिलासाठी नाही, दादासाठी नाही. आपल्या स्वतःच्या जळफळाटासाठी, निखळ.

सभा शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या, भिंतीला दोरीच्या शिड्या, आणि सगळीकडे घामाचा आणि खडूचा वास. पुढे मुली बाकांवर, मागे पालक, आणि कोपऱ्यात वकीलसाहेबांची चार माणसं, हसू दाबून. आत्या मधल्या रांगेत फाईल मांडीवर घेऊन बसली. ती इतकी जड होती की पायाला मुंग्या आल्या.

ती मुलगी पहिल्याच बाकावर होती. दोन घट्ट वेण्या, हातात मूळ पत्र, आणि चेहरा असा, की फलक लागल्यापासून वर्गातल्या सगळ्यांनी तिला छळलंय हे विचारायची गरज नव्हती.

वहिनी उठली. माईक ठीक केला. आवाज स्वच्छ, सरळ, औषधाच्या बाटलीसारखा.

"एका पत्रावरून गैरसमज झाला आहे. ते पत्र मी लिहिलेलं नाही. कार्यालयातल्या एका कारकुनाने परस्पर, मनाने काहीतरी लिहिलं. त्याला कामावरून कमी करण्यात आलं आहे. झाल्या गोष्टीबद्दल मला खेद वाटतो."

हाच तो क्षण. आत्याने फाईलवरचा हात घट्ट केला. पण तिच्या आधी कुणीतरी उभं राहिलं होतं. वेण्यावाली.

"म्हणजे ते मनाने लिहिलेलं होतं?" मुलगी म्हणाली. तिला माईक नव्हता, पण हॉल इतका शांत झाला होता की लागलाच नाही.

"हो बाळ."

"म्हणजे तीनदा नापास झालेलं कुणी नव्हतंच?"

वहिनीने माईक पुन्हा एकदा ठीक केला. सुवर्णपदकवालीला या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं.

"मी दोनदा झाले होते," मुलगी म्हणाली. "तिसऱ्यांदा बसणार नव्हते. घरी म्हणत होते, शाळा सोड, दुकानात बस. मग हे आलं. मला वाटलं, कुणीतरी तीनदा झालंय आणि तरी..." ती थांबली. "मनानेच लिहिलं असेल तर मग ठीक आहे." आणि ती पत्राची घडी घालायला लागली, इतकी बारीक, जशी आपण फेकून द्यायच्या कागदाची घालतो.

आत्या कशी उभी राहिली हे तिचं तिलाही कळलं नाही. फाईल मांडीवरून घसरली आणि दहा वर्षांची पत्रं पांढऱ्या पट्ट्यांवर पसरली. जे बोलायचं म्हणून रात्रभर घोकलं होतं, त्यातला एक शब्द आठवेना.

"मी झाले होते," ती म्हणाली. "तीनदा. बीजगणितात दोनदा आणि भूमितीत एकदा."

सगळा हॉल वळला.

"तुम्ही कोण?" मुलीने विचारलं. तिचा आता कुणावरच विश्वास राहिला नव्हता, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. "पहिलं पान पेपरात आलंय. ते कुणीही वाचलं असेल. दुसऱ्या पानावर काय होतं?"

प्रत पायाशीच कुठेतरी पडली होती. आत्याने खाली बघितलंही नाही.

"पेपर हातात आला की आधी शेवटचा प्रश्न वाच. तो येत नसतोच. एकदा ते कळलं, की घाबरायचं काही उरत नाही. मग पहिल्यापासून सुरू कर."

मुलीच्या हातातली घडी थांबली. "मी तेच केलं," ती म्हणाली. "एकसष्ट मिळाले."

"एकसष्ट?" आत्या म्हणाली. "मला अडतीस होते."

कुणीतरी हसलं. मग सगळेच. वकीलसाहेबांची माणसंसुद्धा हसली आणि मग गोंधळून एकमेकांकडे बघायला लागली, की आपण हसायचं होतं का.

आणि वहिनी? वहिनी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. हशा ओसरायच्या आत ती व्यासपीठावरून उतरली, माईक हातात घेऊन सरळ आत्यापाशी आली आणि तिचा हात वर धरला. "या माझ्या नणंदबाई. पत्रं यांची. मघाशी मी खोटं बोलले, आणि त्याची मला लाज वाटते. आमच्या घरात एक पहिली येणारी आहे आणि एक नापास होणारी. तुम्हाला दोघी लागतील."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या मनात म्हणाली, बघा, हेही हिनेच नेलं. नापास मी आणि टाळ्या हिला.

पण टाळ्या संपल्या आणि माणसं उठली, तेव्हा ती वहिनीकडे गेली नाहीत. खाली पसरलेली पत्रं उचलून देत ती आत्याभोवती जमायला लागली. लंगडणारी बाई आली होती. रेडिओवाली विधवा आली होती, तिने आत्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "रेडिओ अजून हळूच लावते." एक आजोबा म्हणाले, "मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल." रांग दोरीच्या शिड्यांपर्यंत गेली. मधेच आत्याची नजर वर गेली. वहिनी माईक घेऊन एकटीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आत्याने तत्क्षणी ओळखलं. दहा वर्षं रोज सकाळी आरशात बघितलेली वस्तू, ओळखणार नाही तर काय.

परत येताना दोघी एकाच गाडीत होत्या.

"एका म्हातारीने मला कोपराने ढोसलं," वहिनी म्हणाली. "म्हणे, जरा सरका, मला त्यांच्याशी बोलायचंय."

"म्हातारं माणूस. मनावर घेऊ नका."

"दहा वर्षांत मला कुणी सरका म्हटलं नाहीये, वन्सं."

आत्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तोंड लपवायला तिला खिडकीबाहेर बघावं लागलं. बाहेर नुसती एक गोदामाची भिंत होती. ती तिने मन लावून बघितली.

वहिनी निवडून आली, पण जेमतेम. वकीलसाहेब म्हणाले, सभेमुळे तरल्या. सेक्रेटरी म्हणाले, सभेमुळेच मतं घटली, नाहीतर मोठ्या फरकाने आल्या असत्या. दादा म्हणाला, "पुढच्या वेळी तुझा विचार करू," आणि आत्या म्हणाली, "पुढच्या वेळी विचार करायला तू असशील का कुठे?" त्यावर दादा हसला, आणि त्या दिवसापासून तो तिच्याशी थोडा जपून बोलायला लागला.

टपाल वाढलं. आता पाकिटांवर दोन नावं यायची. आत्याच्या नावाची वेगळी, वहिनीच्या नावाची वेगळी, आणि आत्या पोती उघडल्यावर आधी कुणाची जास्त हे ढिगाच्या उंचीवरून बघून घ्यायची, मग कामाला लागायची.

पंधराएक दिवसांनी वहिनी पत्रांच्या खोलीत आली. स्वतःची खुर्ची स्वतः ओढत.

"माझ्या नावाची मी लिहिणार."

"तुमचं मनगट?"

"दुखू दे."

आत्याने तिला खुशाल जागा करून दिली. मनातून ती खूष होती. आता कळेल बाईंना. लिहा म्हणावं औषधाच्या बाटलीवरच्या सूचना. भिंतीपलीकडे काकांची इस्त्रीही थांबली होती, तेही ऐकत होते नक्की.

वहिनीने "नुसतंच"मधलं एक पाकीट उचललं. ते एका मुलीचं होतं, वर्गात दरवर्षी पहिली येणाऱ्या. तिने लिहिलं होतं की मला कारण नसताना रडू येतं. वहिनी बराच वेळ पेन चावत बसली. दोन कागद फाडले. मग कोंबडीच्या पायांनी काहीतरी लिहिलं आणि उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, पाठ करून.

आत्याने मान लांब केली. वाचायला कष्ट पडले, पण वाचलं.

"पहिल्या येणाऱ्या मुलीला रडताना कुणी जवळ घेत नाही. सगळ्यांना वाटतं, आनंदाने रडतेय. मला विद्यापीठात पदक मिळालं त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन फोटो काढला. तो फोटो अजून सगळ्यांना आवडतो."

आत्याने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. दहा वर्षं, आठवड्याला चार पोती, आणि असं एक वाक्य आपल्या हातून उतरलं नाही. पोटात ढवळायला लागलं. पातेलंभर.

"कसं झालंय?" वहिनीने खिडकीपाशी उभ्यानेच विचारलं.

"बरं आहे," आत्या म्हणाली. "थोडं लांबलंय."

मग तिने आपल्यापुढचं अर्धं झालेलं पत्र चुरगाळलं, खाली नवा कार्बन घातला, आणि दात-ओठ खाऊन पहिल्यापासून लिहायला घेतलं.